दोन इंच कमी

मास्तरांनी चाळीस वर्षांत एकाही बाईला तिच्या कमरेचं खरं माप सांगितलं नाही. तसा माणूस खोटं बोलण्याच्या कामाचाच नव्हता. भाजीवाल्यानं "आजचीच आहे" म्हटलं की मान डोलवायची, शिळी भाजी घरी आणायची आणि बायकोची बोलणी मुकाट्यानं खायची, असा त्यांचा स्वभाव. पण हातात टेप आली की जिभेला एक वेगळंच वळण पडायचं. टेप कमरेभोवती फिरवायची, अंगठा आकड्यावर दाबायचा आणि मागे वही घेऊन बसलेल्या बायकोला मोठ्यानं सांगायचं, "चौतीस!" बायको मान वर न करता लिहायची, छत्तीस. दोन इंच कमी बोलायचे आणि दोन इंच वाढवून लिहायचे, हे त्या दोघांचं कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. कपडा अंगावर चापूनचोपून बसायचा, गिऱ्हाईक आरशात चार वेळा वळून बघायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे हो." मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत नुसते हसायचे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारापाशी पायाचं मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि एक उभा आरसा, ज्याच्या खालच्या कोपऱ्याचा टवका कुठल्याशा हट्टी पोरीनं लाथ मारून काढलेला. खिडकीखालच्या खोक्यात वह्या. मास्तरांचा एक नियम होता आणि त्यापुढे ते कोणाचं ऐकत नसत. जुन्या मापावर कपडा शिवायचा नाही. "माप शिळं होतं," ते म्हणत. कोणी नमुन्याला जुना झगा पाठवला तर तो तसाच परत जायचा. माणूस स्वतः आलं पाहिजे, उभं राहिलं पाहिजे, मग कात्री चालणार. त्यामुळे वहीत प्रत्येक मापापुढे तारीख असे. नाव मात्र नसे. घराचा नंबर आणि पुढे ओळख पटेल असं काहीतरी. तीन नंबर, नर्स. अकरा नंबर, शाळेच्या बाई. चौदा नंबर, मोठी जाऊ.

या वह्यांमधलं सगळं अक्षर बायकोचं. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. तिला याशिवाय दुसरं काही नाव असेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मास्तर "अगं" म्हणून हाक मारायचे, ती "अहो" म्हणून ओ द्यायची आणि काम चालू राहायचं. ती काजं-बटणं करायची, हातशिलाई करायची आणि मास्तरांचे भोळे कारभार निस्तरायची. तिसरं काम सगळ्यात जास्त वेळ खायचं.

यंदाचा कारभार मात्र तिच्याही हाताबाहेर गेला.

गल्लीच्या तोंडाशी एका पक्षाची कचेरी होती. तिथल्या सचिवाला सगळे 'होऊन जाईल' म्हणत, कारण गटार तुंबो की नळ फुटो, त्याचं उत्तर ठरलेलं. "होऊन जाईल." मागच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची जागा एकतीस मतांनी गेली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या गल्लीतल्या बायकांनी ती घालवली, असं जो तो म्हणत होता. पक्षानं तिथलं पाळणाघर बंद पाडायचा घाट घातला होता, आणि बायकांनी तो मतदानाच्या दिवशी नीट लक्षात ठेवला होता. 'होऊन जाईल'नं तेव्हाही हसून नमस्कार केले होते. असली हसरी माणसं फार जपून ओळखावी लागतात, आणि मास्तरांना ती विद्या नव्हती.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, तो अर्जांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. मास्तरीणबाई बहिणीकडे गेली होती. टेबलावर गणवेशांचा ढीग आणि मास्तरांच्या पायाखाली मशीन नुसतं पळत होतं.

"मास्तर, वळणावरच्या दिव्याचं काम होतंय बरं का. प्रत्येक घरामागे एक अर्ज लागतो. गल्लीतला जुना माणूस म्हणून तुमच्या सह्या हव्यात."

वळणावर अंधार होताच. मागच्या महिन्यात पहाटेच्या पाळीला निघालेली नर्स तिथेच पडून मनगट दुखावून बसली होती. मास्तरांना आनंद झाला. "किती आहेत?"

"बावन्न. तुम्ही फक्त करत चला, मी पानं उलटतो."

चष्मा कपाळावर, खडू कानावर, अशा थाटात मास्तरांनी बावन्न सह्या केल्या. कापडाचा उभा-आडवा धागा त्यांना हात लावताच कळायचा, पण कागद वाचायचा असतो हे त्यांना कधी सुचलंच नाही. वाचायचं काम घरात दुसऱ्याकडे होतं.

तीन आठवड्यांनी सकाळी नर्स दुकानात आली. मनगटाला पट्टी तशीच होती आणि हातात नोटीस.

"मास्तर, मी ही गल्ली सोडून कधी गेले हो?"

"म्हणजे?"

"इथं लिहिलंय. सदर मतदार या पत्त्यावर राहत नाही, नाव वगळावं. हरकत घेणाऱ्याची सही..." तिनं कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "ही कोणाची?"

सहीच्या शेवटी मास्तर एक शेपूट काढत, टीप मारून दोरा तोडावा तसं. ते शेपूट तिथे होतं.

संध्याकाळपर्यंत घरोघरी नोटिसा पोचल्या. बावन्न बायका. बहुतेक 'स्थलांतरित', नऊ 'मयत'. सुनावणी गुरुवारी अकराला, शाळेच्या इमारतीत. धुलाईघराची पाळी सात ते तीन. गुरुवारी चादरींची मोठी धुलाई निघायची, त्या दिवशी रजा मागण्यात अर्थ नव्हता. न येणाऱ्याचं नाव सरळ कापलं जाणार होतं. ज्यानं तारीख मागून घेतली, त्यानं हे सगळं डोळ्यात तेल घालून बघितलं होतं.

मयतांमध्ये शेवटचं नाव मास्तरांच्या स्वतःच्या घरचं होतं. यादीतलं ते नाव कोणाचं, हे पक्षाच्या कचेरीत कोणाला ठाऊकच नव्हतं. मास्तरीणबाईनं नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"अहो, मी गेले. तुम्हीच कळवलंत."

"अगं, मला वाटलं दिव्याचं आहे."

"दिवा लावलातच की." एवढं बोलून ती हसली, पण हसू लगेच मावळलं. "बाकीच्या हसणार नाहीत."

त्या खरंच हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी सुनी झाली. चौदा नंबरची मोठी जाऊ आली ती न शिवलेलं कापड परत न्यायला. चाळीस वर्षं ज्यांच्या लेकींचे झबल्यापासून लग्नापर्यंतचे कपडे शिवले, त्या समोरून मान वळवून जायला लागल्या. मास्तर मशीनवर बसायचे, पाय हलवायचे आणि सुईत दोराच नाही हे दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात यायचं.

एकदा ते हिय्या करून कचेरीत गेले.

"अर्ज मागे घ्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही मला फसवलंत."

'होऊन जाईल'नं त्यांना खुर्ची दिली. "मास्तर, कागदावर सही तुमची आहे. खोटी हरकत घेणं गुन्हा असतो, माहीत आहे ना? तिथं जाऊन बोललात तर केस कोणावर होईल? तुम्ही गुरुवारी घरी बसा. सगळं होऊन जाईल."

मास्तरांनी घरी येऊन घडलेलं सांगितलं. मास्तरीणबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून तिनं खिडकीखालचं खोकं ओढलं, वरच्या तीन वह्या काढल्या आणि फडक्यानं पुसल्या.

"जायचं आपण. बायका येऊ शकत नसतील तर त्यांची मापं येतील. घर नंबर आहे, तारीख आहे. जुन्या मापावर तुम्ही शिवत नाही म्हणजे माणूस त्या दिवशी इथं उभं होतं. ही गल्ली सोडून गेलेल्या बायका दर महिन्या-दोन महिन्यांनी कंबर मोजायला येतात होय?"

"आणि केस झाली तर?"

"तुरुंगात कैद्यांचे कपडे शिवा. तिथं दोन इंच कमी सांगायची गरज नाही."

मास्तर हसले नाहीत. त्यांना एक वेगळीच भीती वाटत होती. वही उघडी पडली की आकडेही उघडे पडणार. पण ती भीती त्यांनी बायकोला सांगितली नाही आणि तिनं विचारली नाही.

गुरुवारी शाळेच्या त्या खोलीत पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. टेबलामागे एक अधिकारीबाई. समोर याद्यांचे गठ्ठे आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. गल्लीतल्या जेमतेम सहा बायका आल्या होत्या. रात्रपाळी करून आलेली नर्स होती, आणि निवृत्त झालेल्या, म्हणून वेळ असलेल्या शाळेच्या बाई होत्या. या बाईंनी निम्म्या गल्लीला पाढे शिकवलेले. ताठ बसायच्या, ताठ बोलायच्या, आणि निवृत्तीच्या दिवशीसुद्धा आपली कंबर छत्तीसच होती, हे अभिमानानं सांगायच्या. खिडकीशी 'होऊन जाईल' उभा होता. मास्तरांना बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

मास्तरांनी उभं राहून सांगून टाकलं. सह्या माझ्या, मजकूर माझा नाही, दिवा म्हणून सांगितलं, मी वाचलं नाही. एकही वाक्य सुटलं नाही.

अधिकारीबाईंनी सगळं टिपून घेतलं. "तुम्ही हरकत मागे घेतलीत हे ठीक. पण एकदा हरकत आली की मला खात्री करावी लागते. ज्या आल्यात त्यांचं झालं. ज्या नाही आल्या त्या इथंच राहतात, याला काही आधार?"

मास्तरीणबाईनं वह्या टेबलावर ठेवल्या.

अधिकारीबाईंनी पानं उलटली. घर नंबर यादीशी ताडून पाहिले. त्यांचा थकवा जरासा उतरला. "हे मागच्या मंगळवारचं आहे. हे त्याच्या आदल्या आठवड्यातलं. अक्षर कोणाचं?"

"माझं," मास्तरीणबाई म्हणाली.

"बाई," खिडकीकडून आवाज आला, "यादीप्रमाणे त्या मयत आहेत. मयत बाईच्या अक्षरातली वही पुरावा म्हणून कशी चालेल?"

"मयत बाईंचं अक्षर मागच्या मंगळवारपर्यंत चांगलं सुवाच्य आहे," अधिकारीबाई म्हणाल्या.

नर्स खुदकन हसली. 'होऊन जाईल' मात्र हटला नाही. "ही वही नोटिसा आल्यावर बसून लिहिली असेल. मनात येतील ते आकडे. पडताळून बघा. इथं जी हजर आहे तिचं माप घ्या आणि जुळतं का बघा."

अधिकारीबाईंना ते पटलं. त्यांनी वहीत बोट ठेवलं. "अकरा नंबर. महिनाही झाला नाही. कोटासाठी. आल्यात का?"

शाळेच्या बाई उठल्या, पुढे आल्या आणि वर्गात हजेरी द्यावी तशा उभ्या राहिल्या. मास्तरांनी खिशातून टेप काढली. कमरेभोवती फिरवली, अंगठा आकड्यावर दाबला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "अडतीस!"

अधिकारीबाईंनी वहीत बघितलं. "इथं चाळीस आहे."

मास्तरांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

"बघा!" 'होऊन जाईल' दोन पावलं पुढे आला. "पहिलंच माप खोटं. सगळी वही अशीच."

टेप घसरली म्हणून सांगता आलं असतं. बाईंनी कोट सैल सांगितला होता, असंही म्हणता आलं असतं. मास्तरांनी शाळेच्या बाईंकडे पाहिलं. त्यांची हनुवटी नेहमीसारखी वर होती. मग त्यांनी वह्यांकडे पाहिलं. त्या तीन वह्यांत धुलाईघरात चादरी पिळत असलेल्या चाळीसच्या वर बायका होत्या, आणि इथे त्यांच्यासाठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

"वही खरी आहे," मास्तर म्हणाले. "मी आत्ता बोललो ते खोटं. मी सगळ्यांनाच दोन इंच कमी सांगतो. पहिल्यापासून. ही मात्र खरं तेच लिहिते." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. "बाई, मला माफ करा."

नर्सनं हळूच आपल्या कमरेवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"म्हणजे निवृत्तीच्या वेळी माझी छत्तीस नव्हती?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"अडतीस होती."

"आणि आता?"

"चाळीस."

बाईंनी समोरच्या फळ्याकडे पाहिलं. त्या आता पट्टी काढतात की काय, असं मास्तरांना वाटलं. पण बाईंनी त्यांच्या हातातली टेप ओढून घेतली आणि अधिकारीबाईंपुढे धरली. "तुम्ही घ्या माप. ओढून धरू नका, नीट घ्या." आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

अधिकारीबाई टेबलामागून आल्या. "चाळीस," त्या म्हणाल्या.

"चाळीस तर चाळीस. लिहा. पण गल्लीतलं एकही नाव यादीतून जाता कामा नये." मग मास्तरांकडे वळून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "दुकानात अडतीसच म्हणायचं, कळलं?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मग नर्सचं माप झालं, तेही जुळलं. त्यानंतर एकेक घर नंबर वाचला गेला. मास्तरीणबाई तारीख सांगायची, अधिकारीबाई यादीत खूण करायच्या. कमरा कोणी मोठ्यानं वाचल्या नाहीत, तसं कोणी ठरवलंही नव्हतं. निम्मी घरं झाली तेव्हा खिडकीशी कोणी नव्हतं. पुढे चौकशी होईल, तेव्हा मास्तरांना पुन्हा बोलावतील, हेही अधिकारीबाईंनी स्पष्ट सांगितलं. मास्तरांचा जबाब लिहून झाला, तेव्हा त्यांनी सवयीनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "अगं, वाच बरं आधी," ते म्हणाले. मास्तरीणबाईनं शब्दन् शब्द वाचून दाखवला. मगच ते शेपूट कागदावर उमटलं.

"आता एकच राहिलं," अधिकारीबाई म्हणाल्या. "तुमचं. तुम्ही समोर उभ्या आहात, मला पुरे आहे. पण वहीत तुमची नोंद कुठेच नाही कशी?"

गल्लीतल्या प्रत्येक बाईला मास्तरांनी शंभर वेळा उभं केलं होतं. बायकोला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात एकदाच, तेही दोन वितींनी, हसत हसत. तिचे कपडे ते तेव्हापासून अंदाजानं शिवत आले होते. जुन्या मापावर शिवायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो सगळ्यांना लागू होता, घरात सोडून.

"घ्या की," मास्तरीणबाई म्हणाली. "होऊ दे नोंद."

तिनं हात थोडे बाजूला घेतले. मास्तरांनी टेप फिरवली. ती त्यांच्या अंदाजापाशी थांबली नाही. आणखी आत गेली, आणखी आत, आणि झग्याच्या कापडाखाली त्यांच्या बोटांना हातशिलाईचे बारीक टाके लागले. एक ओळ, तिच्या आत दुसरी ओळ. ते शिवून द्यायचे आणि ती गुपचूप आत घ्यायची. केव्हापासून, कोण जाणे. चाळीस वर्षं रोज समोर बसलेलं माणूस एवढं वाळलं आणि त्यांना दिसलं नाही. मास्तरांच्या डोळ्यांपुढचा आकडा पुसट झाला. त्यांनी अंगठा बत्तीसवर दाबला आणि जन्मात पहिल्यांदा दोन इंच जास्त बोलले.

"चौतीस!"

मास्तरीणबाईनं पेन उचललं आणि मान वर न करता लिहिलं, बत्तीस.

"ते तर चौतीस म्हणाले," अधिकारीबाई म्हणाल्या.

"त्यांचं तसंच असतं," मास्तरीणबाई म्हणाली.

तिनं पुढे तारीख घातली, मागे घराचा नंबर घातला. ओळखीच्या जागी पेन क्षणभर थांबलं. मग तिथे तिनं आपलं संपूर्ण नाव लिहिलं. अधिकारीबाईंनी ते यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडलं आणि 'मयत'वर काट मारली. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकले आणि ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.